लॅपटॉप घे, पण डोळ्यांचं बघ

चि. ओंकार,

काल तू तावातावाने फोन ठेवलास ते मनात धरलेलं नाही. बाबा म्हणाले लिहूनच कळव, फोनवर परत वाद होईल. पैशांचं काही नाही, भिशीचे 40 हजार बाजूला ठेवलेत आणि ते तुझेच आहेत.

आज ऑफिस सुटल्यावर विश्रामबागेतल्या दुकानात जाऊन तुला हवाय तो 17 इंची लॅपटॉप बघून आले. खरं सांगते, लांबून बघून मलाही आवडला. एका बाजूला पीडीएफ, एका बाजूला तुझा कोड, दोन्ही न सरकवता दिसतात. नंबरपॅड पण पूर्ण, दिवसभर व्हाउचर मारते त्यामुळे मला त्याची किंमत माहितीये. फक्त त्या नंबरपॅडमुळे अक्षरं सगळी डावीकडे सरकतात, स्क्रीनच्या मधोमध बसलं की हात तिरके होतात, हे तू चार तास टाइप करशील तेव्हा जाणवेल.

पण मी गेले होते डोळ्यांसाठी. मला वाटायचं स्क्रीन मोठी तर डोळ्यांना आराम, म्हणून दुकानातल्या मुलाला एक मराठी पेपर उघडायला लावला तर जोडाक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसत होत्या. रिझोल्यूशन विचारलं, 1600 बाय 900. म्हणजे स्क्रीन मोठी आणि ठिपके कमी, शेजारच्या 15.6 इंची फुल एचडीवर, म्हणजे 1920 बाय 1080 वर, तेच पान कितीतरी स्वच्छ होतं. झाकण थोडं मागे केलं की काळा रंग राखाडी व्हायचा, तो म्हणाला हे टीएन पॅनल आहे, म्हणजे स्वस्तातला स्क्रीनचा प्रकार, आयपीएस नावाच्या चांगल्या प्रकारात असं होत नाही. ब्राइटनेस 250 निट्स, म्हणजे उजेडात कमीच. तुझ्या वडगावच्या खोलीत टेबल खिडकीपाशी आहे, दुपारी तू डोळे बारीक करूनच बसणार.

आठवीत तू फळ्यावरचं दिसत नाही हे वर्षभर सांगितलं नव्हतंस, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायचास. पालकसभेत बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं. चष्मा लागला त्या दिवशी घरी येताना तू रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होतास, अगदी बसच्या मागचं सुद्धा. अजून आठवतं मला ते.

असो, लॅपटॉपचं बोलत होते. त्यातला प्रोसेसर रायझन 5 7520यू आहे. नावात 7 हजार बघून नवा वाटतो पण आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, झेन 2 या 2019 च्या डिझाइनचे. तुझ्या आत्ताच्या कामाला चालेल, नाही असं नाही. पण रॅम 8 जीबी आणि ती बोर्डालाच सोल्डर केलेली, पुढे वाढवता येणार नाही, त्यातलीच थोडी ग्राफिक्स खातं. तू ते मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ म्हणतोस, त्याला 8 कमीच पडणार. वजन सव्वादोन किलोच्या आसपास, वर चार्जर, आणि तू सकाळच्या पीएमपीएमएलच्या बसला उभा राहून जातोस. तुझ्या सॅकमध्ये तो मावतो का ते पण बघ, बऱ्याच सॅक 15.6 च्या मापाच्या असतात.

मला विचारशील तर 15.6 चा फुल एचडी आयपीएस घे, रॅम वाढवता येईल असा स्लॉट असलेला, आणि दिवाळीला खोलीवर 24 इंची मॉनिटर घेऊ, एचडीएमआय केबलने जोडता येतो. मोठी स्क्रीन टेबलावरच राहील, पाठीवर नको. सारखं टेबलावरच बसणार असशील आणि 17 इंचीच हवा असेल तर निदान फुल एचडी आयपीएसवाला बघ, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुन्हा डोळ्यांवर येते, रागावू नको. अण्णांना काचबिंदू कळेपर्यंत एका डोळ्याची नजर गेलेली होती, दुखलं नाही, खुपलं नाही. घरात कुणाला असेल आणि मायनस नंबर मोठा असेल तर तपासणी करत राहायची असते. स्क्रीनमुळे काचबिंदू होतो असं मी म्हणत नाहीये, पण तुझा नंबर पाचच्या पुढे गेलाय आणि गेल्या दिवाळीनंतर डोळ्यांचं प्रेशर तपासलं नाहीस. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांब बघायचं. रात्री दोन वाजता अंधारात स्क्रीन लावून बसायचं बंद कर. झालं, लेक्चर दिलंच मी, सॉरी. बोलायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

बाबांच्या दुकानाची उधारीची वही तू बारावीच्या सुट्टीत एक्सेलमध्ये घातलीस ना, ते अजून त्यावरच चालवतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. तुला चांगलं मशीन मिळायला पाहिजे म्हणूनच एवढं सगळं बघत बसले.

शनिवारी पैसे टाकते. दुकानात गेलास की बॉक्सवरच्या स्पेसिफिकेशनचा फोटो मला पाठव, पॅनल आयपीएस आहे का ते विचार, बिल तुझ्या नावाने घे. आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे, अण्णांचं त्यांना सांग.

आई