उघडा फिल्टर बसवण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीला ‘पिकअप’ यावा म्हणून इंजिनात जाणारी हवा गाळणारी कंपनीची फिल्टरपेटी काढून बॉनेटखाली शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवण्याचं खूळ आता तालुक्याच्या गावांतही आलं आहे. आवाज वाढतो, ताकद नाही. उलट बाहेरची ४५ अंशांची हवा बॉनेटखाली ६५ झाली, की तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकद कमीच होते.

खरा धोका धुळीचा. काळ्या मातीची बारीक धूळ सैल क्लॅम्पमधूनही आत शिरते आणि सिलिंडर-रिंगा घासते. मग गाडी ऑइल खाते. अशा फिल्टरला धूळ धरायला तेल लावतात; ते जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं, मोजमाप चुकतं, गाडी झटके देते.

हौस असेलच तर मूळ पेटी आणि कागदी फिल्टर ठेवा. पेटीच्या तोंडाला त्याच मापाचा लवचिक पाइप जोडून हेडलाइटमागून थंड हवा घ्या. रेडिएटरची गरम हवा टाळा. पाइपाचं तोंड बंपरखाली तर मुळीच नको: पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहताना इंजिनाने एक घोट ओढला, की पाणी दाबलं जात नसल्याने पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो.

फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून पाहा. मातकट डाग दिसला तर हवा कुठूनतरी चोरून येते आहे. जिनिंगच्या हंगामात कापसाची रुई जाळीवर बसते, तेव्हा फिल्टर दर आठवड्याला काढून आतून बाहेर, हलक्या दाबाने फुंका.

– मोटार दुरुस्ती कारागीर, दारव्हा (जि. यवतमाळ)