जुन्या कर्जदाराचा दर मागितल्याशिवाय उतरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, उतरला की पेपरात मथळा ठरलेला: ‘गृहकर्जाचा हप्ता कमी होणार’. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. माझ्या कर्जाचा दर मात्र सव्वानऊवरून हलला नाही.

मी सावद्याला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो, त्यामुळे भावाची चढउतार मला नवी नाही. पण यातली मेख उशिरा कळली. बँकांनी १ ऑक्टोबर २०१९ पासून दिलेली फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात. माझं कर्ज गृहवित्त कंपनीचं, तिचा दर तीच ठरवते. मे २०२२ पासून रेपो चढू लागला तेव्हा तिने अजिबात उशीर केला नव्हता. हप्ता तोच ठेवून परस्पर मुदत लांबवली होती.

शाखेत विचारलं तर पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही अर्ज कुठे दिला होता? दर बदलायची कन्व्हर्जन फी भरा, सव्वाआठ करून देतो.” म्हणजे न मागणाऱ्याने सव्वानऊच भरत राहायचं! कर्ज पूर्ण फेडून बंद करण्यासाठीचं फोरक्लोजर लेटर मागताच शाखेत माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला.

शिल्लक १८ लाख, मुदत १५ वर्षं, हप्ता १८,५२५. भुसावळची एक बँक ८ टक्क्यांनी टेकओव्हरला, म्हणजे माझं कर्ज आपल्याकडे घ्यायला, तयार होती. हप्ता १७,२०२ वर आला असता आणि घरात सगळ्यांना तेच हवं होतं. मी मुदत १३ वर्षं करून घेतली. हप्ता १८,५९५, म्हणजे जुन्यापेक्षा सत्तर रुपये जास्त, पण दोन वर्षांचे हप्ते वाचले. प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, गहाणखताचा मुद्रांक हा खर्च धरूनही मेळ बसला. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, हे आमच्याकडे अजून कित्येकांना माहीत नाही. दंडाच्या धाकानेच लोक जागचे हलत नाहीत.

मुलगा म्हणत होता, फिक्स करून टाका. कागद नीट वाचला तर दर जास्त, आणि काही वर्षांनी तो बदलायचा हक्क त्यांच्याकडेच. हे कसलं फिक्स? त्यापेक्षा रेपोशी जोडलेला दर बरा. उद्या चढला तर माझाही दर चढेल, कबूल. पण का चढला ते पेपरात तरी वाचता येईल.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. दर तिमाहीला शिल्लक हप्त्यांचं विवरणही द्यायला हवं. पुढच्या कपातीच्या बातमीखाली एवढं चौकटीत छापा, आणि ‘हप्ता कमी होणार’च्या आधी ‘रेपोशी जोडलेल्या कर्जांचा’ हे शब्द तेवढे घाला.

– एक वाचक, सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)