झरमॅटच्या मावशींना पत्र

प्रिय मावशी,

तुम्हाला जर्मनमधलं कार्ड वेगळं पाठवलंय. ओळखीतल्या एका मुलीने ते नीट लिहून दिलं. पण त्या चार ओळींत माझं समाधान होईना. सांगायचंय ते मराठीतच येतंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. स्वित्झर्लंडमधल्या तुमच्या गावाला इथून पुष्कळ माणसं येतात. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत, ते त्यांनाही कळू दे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई तुमच्या दारात उभ्या राहिलो. गावात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी, त्यामुळे स्टेशनपासून बॅगा ओढत आलेल्या. तुम्ही आधी आईच्या हातातली बॅग घेतलीत. मग ती जिना चढत असताना खालून तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिलात. मला ते तेव्हाच जाणवलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून मी तुम्हाला आमचा बेत सांगितला. पहिल्याच सकाळी रोपवेने थेट ‘क्लाइन मॅटरहॉर्न’ला, 3883 मीटरवर. तुम्ही माझ्या हातातलं पेन घेतलंत, ते खोडलंत आणि तिथे ‘सुनेगा’ लिहिलंत. गाव साधारण 1600 मीटरवर, रोपवे तासाभराच्या आत माणसाला दोन हजार मीटरहून जास्त वर नेतो, आणि शरीराला तेवढ्या वेळात विरळ हवेची सवय होत नाही. तुमचं इंग्रजी मोजकं, पण हे तुम्ही हाताने छाती दाबून, धाप लागल्याचं दाखवून आईला पटवलंत. पहिल्या दिवशी सुनेगा, 2288 मीटर. दुसऱ्या दिवशी गोर्नरग्राट. तिथे दोघींना बरं वाटलं तरच पुढचं बघायचं.

त्यावर आईने मला भाषांतर करायला लावलं: ‘त्यांना सांग, आमची कळसूबाई 1646 मीटर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. म्हणजे आम्ही आत्ता जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर बसून चहा पितोय.’ तुम्ही उठून आईच्या कपात आणखी चहा ओतलात. तिथून पुढे तुमचं दोघींचं माझ्यावाचून चालायला लागलं.

गोर्नरग्राटची ती दात्यांच्या रुळावरची रेल्वे 1898 पासून विजेवर चालते. ती 3089 मीटरपर्यंत जाते, आणि आम्हीही इतर सगळ्यांसारख्या वरपर्यंत जाऊन, फोटो काढून, त्याच गाडीने परत आलो असतो. तुम्ही सांगितलंत, सकाळची पहिली गाडी पकडा, येताना रोटेनबोडनला उतरा आणि वारा सुटायच्या आत रिफेलसे तळ्यावर पोचा. आईच्या हातात स्वतःच्या ट्रेकिंगच्या काठ्या दिल्यात. दारातच तिला तीनदा शिकवलंत: पट्ट्यात हात खालून वर घालायचा, मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार मनगटावर येतो आणि बोटं दुखत नाहीत. उतारावर काठी चार बोटं लांब करायची. मी वीस वर्षं सह्याद्रीत हिंडतेय, पट्ट्यात हात वरूनच घालत आले होते. वर रेल्वेतून उतरल्यावर समोर मॉन्टे रोझा, खाली गोर्नर हिमनदी. तुमच्या लहानपणी बर्फ कुठवर होतं ते तुम्ही नकाशावर नखाने दाखवलं होतंत. आईने तीच रेघ समोरच्या डोंगरावर शोधली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तळ्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा पाणी हललेलंही नव्हतं. तुमचा ‘होरू’ (तुम्ही गावकरी मॅटरहॉर्न शिखराला याच नावाने हाक मारता, आईही आता तेच म्हणते) पाण्यात उलटा, टोकापर्यंत स्वच्छ. आईने काठ्या काखेत धरून हात जोडले. दहा मिनिटांत वारा आला आणि सगळं पुसलं गेलं. त्या दहा मिनिटांसाठी तुमचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

आता त्या शुक्रवारचं. मी एकटी हॉर्नली हटपर्यंत, म्हणजे होरूच्या धारेखालच्या गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या घरापर्यंत, जाणार होते. श्वार्झसेपर्यंत रोपवे, 2583 मीटर, आणि तिथून 3260 मीटरवरच्या हटपर्यंत चढ. निघताना तुम्ही मला कागद-पेन दिलंत. कुठली वाट, किती वाजता परत, रोपवे चुकला तर कुठून उतरणार, हे सगळं लिहून घेतलंत आणि फ्रिजला चिकटवलंत. पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, चालायचा वेळ असतो आणि त्यात थांबणं धरलेलं नसतं, हेही बजावलंत. होरूच्या टोकाला ढगाचं निशाण फडकायला लागलं तर वर वारा जोरात आहे असं समज, असंही.

मावशी, मला हे सगळं ऐकूनही कळलं नाही. दगडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट नीट होती, लोखंडी जिने, पूल, सगळं भक्कम. हटवर पोचल्यावर त्या सरळसोट धारेकडे बघत मी तास-दीड तास बसून राहिले. निघाले तेव्हा ढग टोकावरून खाली उतरत होते. मग धुकं. एका पट्ट्यावरून पुढचा पट्टा दिसेना, प्रत्येक खुणेपाशी थांबून पुढची शोधत उतरले. श्वार्झसेला आले तर शेवटचा रोपवे गेलेला आणि थंडीने फोन बंद पडलेला.

पुढचा उतार दिवेलागणीपर्यंत चालला. फुरीच्या खाली झुम सी या वस्तीची काळी पडलेली लाकडी घरं दिसली, आणि पहिल्याच घराच्या कोपऱ्याशी तुम्ही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात थर्मास. चिठ्ठीत मी ‘हेरमेट्जीवरून फुरी’ एवढंच लिहिलं होतं. त्यावरून वेळेचा हिशोब करून तुम्ही पंचाहत्तरीच्या वयात तेवढं चढून आला होतात. अर्ध्या तासात मी आले नसते तर बचावपथकाला फोन करणार होतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी काहीच बोलला नाहीत. टोपण उघडून चहा ओतलात आणि कप माझ्या दोन्ही हातांत बसवलात, कारण माझी बोटं वळत नव्हती.

घरी आल्यावर बघते तर आई शांतपणे टेबलापाशी बसलेली, समोर सोललेल्या बटाट्यांचा ढीग. तुम्ही तिला हाताने खुणावून सांगितलं होतंत, मुलगी येतेय, मी आणायला चालले, तू एवढे सोलून ठेव. दहा माणसांना पुरतील एवढे बटाटे होते. तिच्या हातांना काम दिलंत म्हणून ती माउली त्या दोन तासांत खचली नाही. माझ्यासाठी चढून आलात त्यापेक्षाही हे मला मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गावातल्या संग्रहालयात नेलंत. 14 जुलै 1865 ला होरूवर पहिल्यांदा सात जण पोचले आणि उतरताना चौघे कोसळले, त्यांच्या आणि वाचलेल्या तिघांच्या मधला तुटलेला दोर तिथे काचेमागे ठेवलाय. इतका बारीक असेल असं वाटलं नव्हतं. पोहऱ्याच्या दोरासारखा. तुम्ही बाजूला उभ्या राहिलात, रागावला नाहीत. मग चर्चजवळच्या गिर्यारोहकांच्या दफनभूमीत गेलो. आई दगडांवरची सालं वाचून मनातल्या मनात वजाबाकी करत होती आणि प्रत्येक वेळी ‘अगं, किती लहान’ म्हणत होती. तुम्हाला शब्द कळत नव्हते, तरी तुम्ही प्रत्येक वेळी मान हलवत होतात.

मागच्या रविवारी आम्ही सहा जण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. निघताना बेलपाड्यात ज्यांच्याकडे पोहे खाल्ले त्या दादांकडे मी चिठ्ठी ठेवली. वाट, सहा नावं, वर पोचायची वेळ, पाचनईकडून उतरणार हे. दादांनी ती घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. संध्याकाळी पाचनईहून फोन केला तर पहिल्या रिंगलाच उचलला.

आईने तुमच्यासाठी गोधडी शिवायला घेतलीय. आत तिच्या दोन जुन्या सुती साड्या आहेत, वरून निळं लुगडं. गुडघ्यांसाठी आहे असं सांग, म्हणाली. दिवाळीच्या आधी पोस्टात पडेल. काठ्या परत पाठवू का विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, तेव्हा त्या आमच्या दाराशी, छत्र्यांच्या शेजारी उभ्या आहेत. आई रोज सकाळी त्या घेऊन गोदाकाठी फिरायला जाते, पट्ट्यात हात खालून घालून.

तुमची,
नाशिकची मुलगी