थेट दुसऱ्या वर्षाचा ब्रिज कोर्स जूनमध्येच हवा

मा. संपादक,

डिप्लोमाच्या सहाव्या सत्राची परीक्षा साधारण मेअखेर संपते. डिप्लोमा झालेल्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारे प्रवेश मात्र ऑगस्ट उजाडला तरी चालूच असतात. मधला काळ मुले निकाल, दाखले आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या यांची वाट पाहण्यात घालवतात. मग प्रवेश होतो, वर्गात जावे तर दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बराच पुढे गेलेला, आणि पहिला फटका बसतो गणिताचा. म्हणून राहिलेले गणित भरून काढणारा ब्रिज कोर्स प्रवेशाआधी, जूनमध्येच हवा.

अडचण नव्या धड्यांची नसते, त्याच्या आधीच्या धड्यांची असते. मेकॅनिकल किंवा ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) दुसऱ्या वर्षातले व्हेक्टर कॅल्क्युलस घ्या. ग्रेडियंट काढायचा तर पार्शल डिफरन्सिएशन, म्हणजे एकाहून जास्त चलांचे डेरिव्हेटिव्ह, यावे लागते. गाऊसच्या प्रमेयाला ट्रिपल इंटिग्रेशन लागते आणि त्याच्या मर्यादा आकृती काढून ठरवाव्या लागतात. हे सगळे पहिल्या वर्षाच्या गणित-१ आणि गणित-२ मध्ये होते, आणि डिप्लोमावाल्यांना नेमके तेच वर्ष माफ असते. त्यांचे गणित बहुतेक शाखांत पहिल्या दोन सत्रांत संपते, तेही एका चलाच्या डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनपाशी. पुढची दोन वर्षे गणिताची वही उघडलेलीच नसते. लाप्लास ट्रान्सफॉर्म या दुसऱ्या वर्षाच्याच घटकाची सूत्रे ही मुले चार दिवसांत पाठ करतात, पण इन्व्हर्स काढताना पार्शल फ्रॅक्शनवर येऊन थांबतात. छेदात न फुटणारा द्विघाती घटक असला की अंशात नुसता स्थिरांक मांडतात. तिथे एकघाती पद मांडायला हवे. तेवढ्याने पुढचे अख्खे पान चुकते आणि मुलगा म्हणतो, मला लाप्लास जमत नाही. लाप्लास त्याला येत असते.

विविध पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स घ्यावेत, असे एआयसीटीईनेच (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) विद्यापीठांना सांगितले आहे. ते प्रवेशानंतर, रोजच्या तासांच्या वर, सायंकाळी ठेवले की थकलेली मुले येत नाहीत. कोर्स जूनमध्ये घ्यावा, आणि तो पॉलिटेक्निकमध्येच घ्यावा. रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, चार आठवडे, म्हणजे ४० तास पुरतात. त्यातले ८ तास इंटिग्रेशन आणि पार्शल फ्रॅक्शनच्या उजळणीला, १० पार्शल डिफरन्सिएशनला, ८ मॅट्रिक्सला (रँक आणि आयगेन व्हॅल्यू धरून), १० डबल-ट्रिपल इंटिग्रेशनला, ४ कॉम्प्लेक्स नंबरला. शिकवणाऱ्याने व्याख्यान अर्धा तास द्यावे, उरलेल्या दीड तासात मुलांकडून गणिते सोडवून घ्यावीत. ड्रॉइंग आणि वर्कशॉपला वेळ घालवू नये, त्यात ही मुले बारावीहून आलेल्यांच्या पुढेच असतात.

पहिले सत्र गमावणे यांना महागात पडते. इतरांची सरासरी आठ सत्रांवर बसते, यांची सहावर. पुणे विद्यापीठाच्या पद्धतीत सत्र चालू असतानाचे ३० गुण आणि सत्राअखेरचे ७०. उशिरा आलेल्याचे त्या ३० मधलेच गुण आधी जातात. इंदापूर-श्रीगोंद्याहून येऊन पुण्यात नऱ्हे-कात्रजला कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहणारा मुलगा पहिले पंधरा दिवस खोली आणि मेस शोधण्यातच असतो, हेही महाविद्यालयांनी ध्यानात घ्यावे.

प्रवेशाबद्दल थोडे. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जादा जागा आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा एवढ्याच या मुलांना मिळतात. ६० च्या तुकडीत जादा जागा ६. मागणीच्या शाखेत रिकामे काही उरत नाही, म्हणून तिथे टक्क्याच्या दशांशावर प्रवेश ठरतो. पसंतीक्रम मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे लावू नये, स्वतःला काय हवे त्याप्रमाणे लावावा. यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि मिळण्याजोगी पहिली जागा देते, त्यामुळे वर अवघड महाविद्यालय लिहिल्याने खालची संधी जात नाही. पहिल्या क्रमांकावर मात्र विचार करूनच लिहावे. ती जागा मिळाली की आपोआप फ्रीज (पक्की) होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो.

राखीव जागेवर प्रवेश हवा असेल त्याने जातवैधतेचा अर्ज पाचव्या सत्रातच करावा. ज्यांना नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो त्यांचा तो प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतो, मुदत संपलेला चालत नाही. आपल्याला लागू असलेल्यांपैकी एक नसले तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. आणि कॅपबाहेर, संस्था पातळीवर प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. पालकांनी हा हिशेब फी भरण्याआधी करावा.

जूनचा कोर्स कुठे झालाच नाही, तर महाविद्यालयांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. उशिरा आलेल्यांची बुडालेल्या घटकांवर फेरचाचणी घ्यावी, आणि पहिल्या महिन्यापासून शनिवारी त्यांच्यासाठी गणिताचे दोन तासांचे वेगळे ट्युटोरियल वेळापत्रकात छापावे. तोंडी सांगितलेला तास दुसऱ्या आठवड्यात रद्द होतो.

— डिप्लोमाचे एक अध्यापक, पुणे