सावलीवरून पत्ता

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न नेमका होता. गॅमा किरण, म्हणजे एक्स-रेहूनही जास्त ऊर्जेचा प्रकाश, भिंगाने वळत नाहीत, आरशाने एकवटत नाहीत. मग अवकाशात गॅमा किरणांचा स्फोट, म्हणजे त्यांचा अचानक लखलखाट, झाला तर तो आकाशात कुठे झाला हे दुर्बिणीला कळतं कसं? फोनवर हातवारे दिसत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

स्फोट झाला एवढंच कळायला फारसं काही लागत नाही. अमेरिकेने चोरट्या अणुचाचण्या पकडायला सोडलेल्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ लाच असा एक टिपला होता. १९७३ मध्ये ते शोध जाहीर झाले आणि वाद पेटला: हे प्रकरण आपल्याच आकाशगंगेतलं की फार लांबचं? पुढे अवकाशातल्या कॉम्पटन वेधशाळेने २,७०४ स्फोट नोंदवले. ते सगळ्या आकाशात सारखे विखुरलेले दिसले, तरी वाद मिटला नाही, कारण एकाचाही नेमका पत्ता हाती नव्हता. १९९७ मध्ये बेप्पोसॅक्स उपग्रहाने स्फोटानंतर मागे रेंगाळणारी एक्स-रे झळाळी पकडली. त्या जागी मोठ्या दुर्बिणी वळल्या आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या स्फोटाचं अंतर अब्जावधी प्रकाशवर्षं निघालं. पत्ता मिळाला तेव्हा कुठे भांडण संपलं.

आता तुझं 'कसं'. मला सगळ्यात आवडते ती स्विफ्टची युक्ती. हा उपग्रह नोव्हेंबर २००४ मध्ये अवकाशात गेला. त्याच्या गॅमा दुर्बिणीत संवेदकांच्या वर सुमारे मीटरभर अंतरावर एक मोठा पत्रा आहे आणि त्यावर शिशाच्या जवळपास ५२,००० छोट्या चकत्या वेड्यावाकड्या बसवल्या आहेत. खाली ३२,७६८ संवेदक. स्फोटाचे किरण आले की शिशाची सावली खाली पडते. स्रोत जरा बाजूला असेल तर सावलीही सरकते. किती सरकली हे संगणक मोजतो आणि दिशा काढतो. पुठ्ठ्याला वेडीवाकडी भोकं पाडून टेबललॅम्पखाली धर, लॅम्प हलव, लगेच पटेल. भोकं एकसारख्या ओळीत पाडलीस तर फसशील: सावली एक घर सरकली की दोन, ओळखूच येणार नाही. म्हणून तो पत्रा मुद्दाम अस्ताव्यस्त केलाय. (माझ्या मते अख्ख्या यानातला सगळ्यात हुशार भाग हा शिशाचा पसाराच.)

यातून मिळणारी जागा एक ते चार कलांपर्यंत नेमकी असते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग); पूर्ण चंद्र साधारण तीस कलांचा. खालून आज्ञा येण्याची वाट न पाहता यान स्वतःच, सूर्य-चंद्र-पृथ्वी आड येत नाहीत ना एवढं बघून, मिनिट-दीड मिनिटात तिकडे वळतं. मग त्याची एक्स-रे दुर्बीण जागा काही विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आणते. तोवर प्राथमिक पत्ता जगभरच्या वेधशाळांकडे पोचलेलाही असतो.

फर्मी या दुसऱ्या उपग्रहाची तऱ्हा वेगळी. त्याचे सोडियम आयोडाइडचे बारा संवेदक निरनिराळ्या दिशांना तोंड करून आहेत. डोळे मिटून शेकोटीजवळ उभी राहिलीस तर कुठली बाजू तापते त्यावरून शेकोटी कुठे ते सांगशील, तसं ते चालतं. पृथ्वीआड नसलेलं सगळं आकाश एकदम दिसतं, पण पत्ता मोघम. तिसरी रीत म्हणजे लांब लांब असलेल्या यानांवरची वेळ ताडून पाहणं. किरण एकाकडे आधी पोचले, दुसऱ्याकडे नंतर. त्या फरकावरून आकाशात एक कडं आखता येतं. तिसरं यान असलं की दुसरं कडं, आणि दोन्ही छेदतात तिथे शोधायचं.

१७ ऑगस्ट २०१७ ला तर गंमतच झाली. गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्याच पोतात उठणाऱ्या लहरी) आल्यावर १.७ सेकंदांनी फर्मीने एक छोटा स्फोट टिपला. स्विफ्टच्या दृष्टीने ती जागा नेमकी पृथ्वीआड होती! फर्मीचा पत्ता अघळपघळच; लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांनी क्षेत्र कितीतरी आवळलं, आणि मग नेहमीचा प्रकाश पाहणाऱ्या दुर्बिणींनी त्यातल्या दीर्घिका एकेक करून तपासल्या. अकराएक तासांत एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला.

एक्स-रेला आरसा चालतो आणि गॅमाला का नाही, हे तू आता विचारशीलच. त्यासाठी कागदावर आकृती काढावी लागेल, ती पुढच्या पत्रात.

तुझी,
आई