आडम मास्तर, अम्माच्या नावाचं लाइट बिल अजून जपून ठेवलंय

आदरणीय नरसय्या आडम मास्तर,
लाल सलाम.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगाराची मी मुलगी. तुम्ही मला ओळखत नाही. अम्मा मात्र तुम्हाला घरातल्या माणसासारखी ओळखते. हे पत्र खरं तर तिनंच लिहायचं, पण तिला सहीपुरतंच लिहिता येतं.

आमचं लहानपण भाड्याच्या एका खोलीत गेलं. बाबा यंत्रमागावर, अम्मा विड्या वळायची. पहाटे भिजवलेली पानं पोत्यात गुंडाळून ठेवलेली असायची. त्यावर पत्र्याचा साचा ठेवून ती कात्रीनं पानं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची. चिमूटभर तंबाखू, पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं टोक मिटवायचं. दिवसाला हजार विड्या व्हायच्या तेव्हा कुठं पूर्ण मजुरी. कारखान्यात विड्या द्यायला मी तिच्यासोबत जायचे. तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून छाट म्हणून बाजूला टाकायचा. त्या छाटीचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. अम्मा तिथं काही बोलायची नाही. घरी येताना मात्र दत्तनगरला लाल बावट्याच्या, म्हणजे तुमच्या कामगार युनियनच्या ऑफिसात जायची आणि तिथं बोलायची.

तुम्ही १९७८ साली पहिल्यांदा आमदार झालात, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. अम्मा सांगते, युनियनचा माणूस विधानसभेत कशाला, असं तेव्हा काही जण विचारायचे. मजुरीसाठी मालकाशी भांडायचं असेल तर युनियन पुरते, पण घराची जागा, योजना, अनुदान हे सगळं मुंबईत आणि दिल्लीत ठरतं. तिथं आपलं गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडणारा माणूस बसलेला हवा. हे मला पुस्तकातून नाही कळलं, सोलापूरजवळच्या कुंभारीला स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर कळलं.

घरासाठी अम्मानं तिचा हिस्सा कसा साठवला ते मी पाहिलंय. तांदळाच्या डब्यात तळाशी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दर हप्त्याला थोडे थोडे पैसे. सणाला साडी नाही, की शेजारणीच्या लग्नाला आहेर नाही. सगळ्यांना वाटायचं, हे पैसे बुडणार. बाबासुद्धा म्हणायचे. केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा आणि बाईचा स्वतःचा वाटा, असा हिशोब जुळवून गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार संस्थेची दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग सोलापुरात आले, घरं कामगारांच्या ताब्यात आली. वारली आदिवासींसाठी आयुष्य दिलेल्या बाईचं नाव आमच्या विडी कामगारांच्या वस्तीला आहे, याचा मला आजही फार अभिमान वाटतो.

सुरुवातीला त्रास झाला, तेही लिहिते. गाव लांब, बस कमी, आणि विड्या द्यायला शहरात यायचं म्हणजे अर्धा दिवस. पण पहिलं लाइट बिल आलं त्या दिवशी अम्मानं ते चार वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर तिचं नाव होतं. रेशनकार्डावर बाबांचं, भाड्याच्या पावतीवर बाबांचं, आणि या कागदावर तिचं. ते बिल तिनं प्लास्टिकमध्ये घालून बालाजीच्या फोटोमागं ठेवलंय. आता रंग उडालाय, पण नाव वाचता येतं.

तुम्ही तीनदा निवडून आलात, १९७८, १९९५ आणि २००४ला. पडलात त्याहून जास्त वेळा. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः पडल्यानंतरच्या वर्षांचे. आमदारकी गेली की माणूस दिसेनासा होतो, हे आम्ही इतरांच्या बाबतीत पाहिलंय. तुम्ही मोर्च्यातच राहिलात. कुंभारीतच असंघटित कामगारांसाठी रे नगर ही वसाहत व्हायची होती, तिच्या तीस हजार घरांचा पाठपुरावा केलात तेव्हा तुम्ही आमदार नव्हतात. २०१९ला तिच्या पायाभरणीच्या व्यासपीठावर भाजप सरकारचं कौतुक केलंत म्हणून तुमच्याच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं तुम्हाला केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. पक्षाचं पक्षापाशी, पण ते ऐकून अम्मा त्या रात्री जेवली नाही. १९ जानेवारी २०२४ला रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या, तेव्हा माझी मावसबहीण त्या रांगेत होती. ती शिलाईकाम करते. तिच्या घराच्या दारावरही तिचंच नाव आहे, आणि रंगानं ते मी लिहिलंय.

मी आता नर्स आहे. रात्रपाळी संपवून येते तेव्हा अम्मा ओट्यावर बसलेली असते. तिची बोटं आता सरळ होत नाहीत आणि तंबाखूच्या धुळीचा खोकला काही सुटत नाही. विड्या थांबल्या, पण हातात काही नसलं की बोटं आपोआप वळतात, पान असल्यासारखी.

हे पत्र तिला तेलुगूत वाचून दाखवलं. खाली तुझं नाव लिहू का, विचारलं. नको म्हणाली. 'विडी कामगार एवढंच लिही, मास्तरांना कळेल.'

आपली,
एका विडी कामगाराची मुलगी
कुंभारी, सोलापूर