गॉगल आणा, पण त्यात आमचा जिना टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँब्युलन्सवरच्या स्टाफला व्हीआरवर (म्हणजे डोळ्यावर गॉगल लावला की खोटा प्रसंग खऱ्यासारखा भोवती दिसतो, त्यावर) ट्रेनिंग, अशी बातमी अधूनमधून येते, सोबत डोळ्यावर काळं डबडं लावून हवेत हात हलवणाऱ्या कोणाचातरी फोटो असतो आणि आमच्या घरी हमखास कोणीतरी म्हणतं, बघ, तुझ्या वेळी असलं काही नव्हतं. नव्हतंच. मी बीएएमएस, नऊ वर्षं मुंबईत अँब्युलन्सवर डॉक्टर म्हणून काढली, मग कंबर गेली, आता सोसायट्यांमधून आणि गणपती मंडळांतून फर्स्ट एड शिकवते. त्यामुळे या विषयावर मला थोडं बोलायचंय, थोडं म्हणता म्हणता लांबेल, तर हवं तिथे कात्री लावा.

मागे एका ठिकाणी असा डेमो बघायला बोलावलं होतं. गेले. ते डबडं अर्ध्या किलोचं असेल, अंबाडा मध्ये येतो म्हणून केस सोडावे लागले. समोर काय, तर सहा पदरी मोकळा रस्ता, लांबवर देवदारासारखी झाडं, दोन गाड्या एकमेकींवर आदळलेल्या आणि पेशंट कसे, तर फूटपट्टीने अंतर आखून दिल्यासारखे पडलेले. एकही बघ्या नाही. खांद्यावरून वाकून मोबाईलवर व्हिडिओ काढणारा नाही, मॅडम आधी हिला बघा म्हणून दंड ओढणारं कोणी नाही. मी तिथल्या मुलाला विचारलं, अरे माणसं कुठायत? तो म्हणाला, मॅडम चार पेशंट आहेत की. म्हटलं पेशंट नाही रे, माणसं. त्याला कळलंच नाही बिचाऱ्याला.

आता माझी एक केस सांगते. नोकरीतलं पहिलंच वर्ष, गिरगावातली चाळ, तिसरा मजला, छातीत दुखतंय असा कॉल. गृहस्थ नव्वद किलोच्या पुढचे. लाकडी जिना इतका अरुंद की स्ट्रेचर वळणावर वळतच नाही, प्रत्येक मजल्याच्या वळणावर पाण्याचं पिंप, चपलांचा रॅक, एका ठिकाणी तर तुळस. अख्खा मजला दारात जमलेला. कोणी म्हणतंय सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावरची गोळी) जिभेखाली दिलंय, कोणी म्हणतंय नाही दिलं, एक काका पाठीमागून कांदा हुंगवा, कांदा हुंगवा करतायत, फिट आलेलीच नाही तरी. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून, चौघांनी उचलून खाली आणायला लागलो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी मान टाकली.

आणि मी थिजले. आमचे पायलट मामा (अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात) म्हणायचे की तीन-चार सेकंद असतील, मला तो अख्खा दिवस वाटला. मामाच म्हणाले, मॅडम, खाली ठेवा, हात लावा. मग पिंप ढकललं, त्यांना तिथेच आडवं केलं आणि छाती दाबायला सुरुवात केली. ते गेले. माझ्या त्या चार सेकंदांमुळे गेले असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण मला सगळं येत होतं हो! मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, 30 वेळा दाबून 2 श्वास, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त ते मी गुळगुळीत फरशीवर, पंख्याखाली, डमीवर शिकले होते, आणि डमीला बायको नसते.

म्हणून व्हीआर म्हटल्यावर मी नाक मुरडणाऱ्यांतली नाही. उलट मला त्यात जे दिसतं ते हेच, की माणूस पहिल्यांदा थिजायचा तो गॉगलमध्ये थिजू दे. तिथे कोणी मरत नाही, दहाव्यांदा त्याच जिन्यावर गेल्यावर पिंपाचं काही वाटत नाही आणि डोकं पेशंटकडे लागतं.

आणि पायलटवरून आठवलं, खऱ्या पायलटांची गोष्टही काही वेगळी नाही. विमानाचा पहिला चालणारा सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच उडवायचा सराव देणारं यंत्र, अमेरिकेतल्या एडविन लिंक नावाच्या माणसाने 1929 च्या सुमारास बनवला, त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना, तिथलेच भाते वापरून डबा हलवायचा. सुरुवातीला कोणी मनावर घेईना, जत्रेतलं खेळणं म्हणून विकलं गेलं ते. मग 1934 मध्ये तिथल्या लष्कराकडे टपाल विमानाने न्यायचं काम आलं, खराब हवेत पायलट मरायला लागले आणि तेव्हा कुठे सरकारने सहा डबे विकत घेतले. आपल्याकडे व्हीआर सध्या मॉलमध्ये रोलर कोस्टर दाखवतंय, म्हणजे आपण अजून जत्रेतच आहोत.

पण जिन्यापेक्षाही व्हीआरचा खरा उपयोग जिथे आहे ती गोष्ट म्हणजे ट्रायाज, म्हणजे एकदम खूप जखमी असताना आधी कोणाकडे जायचं ते ठरवणं. एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवा, 29 सप्टेंबर 2017, पावसाची सकाळ, 23 माणसं गेली. चेंगराचेंगरीत बाहेरून मोठी जखम दिसतेच असं नाही, छाती दबून श्वास कोंडतो, आणि ज्याचा श्वास कोंडलाय तो ओरडत नाही. ओरडतो तो, ज्याचा हात मोडलाय. तुमचा पाय आपोआप ओरडणाऱ्याकडे वळतो, कारण आपण माणसं आहोत. ट्रायाज नेमकं उलटं शिकवतं. जगभर चालते ती स्टार्ट पद्धत घ्या, 1983 मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली, त्यात एका पेशंटला जास्तीत जास्त मिनिटभर. जो चालू शकतो तो हिरवा, त्याला बाजूला उभा करा. श्वास मिनिटाला 30 च्या वर, लाल, म्हणजे सगळ्यात आधी हा. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला 2 सेकंदांपेक्षा जास्त लागले, लाल. साधं हात दाब म्हटलेलं कळत नाही, लाल. बाकीचे पिवळे, त्यांचा नंबर लालनंतर. आणि श्वास बंद असेल तर फक्त मान मागे करून वाट मोकळी करून बघायची, श्वास आला तर लाल, नाही आला तर काळी पट्टी, म्हणजे याच्यासाठी आता काही करता येत नाही, ती बांधायची आणि उठून पुढच्याकडे जायचं.

हे उठून पुढे जाणं स्लाइडवर एका ओळीत संपतं. चाळीतल्या त्या गृहस्थांवर आम्ही जिन्यापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत हात थांबवला नव्हता, आणि इथे सांगतात की थांबू नकोस, तुझ्यासाठी पलीकडे अजून वीस आहेत. एखादी बाई तुमचा पाय धरून बसलेली असताना तिच्या मुलाला काळी पट्टी बांधून उठायचं, याची प्रॅक्टिस कशी करणार? मॉक ड्रिलमध्ये कॉलेजची पोरं कुंकवाचं पाणी लावून पडतात, दोन मिनिटांत एकमेकांकडे बघून हसायला लागतात, पाहुण्यांसोबत फोटो होतो आणि वडापाव खाऊन सगळे घरी. शिवाय त्यासाठी रस्ता बंद करा, परवानग्या काढा, म्हणून ते होतं वर्षातून एकदा. गॉगलमध्ये तोच पूल चहाच्या आधी तीनदा चढता येतो, आणि तुम्ही कोणाकडे किती वेळ बघत बसलात, कोण नजरेतून सुटला, ते मशीन नंतर दाखवू शकतं. मला हे माझ्या पहिल्या वर्षात मिळायला हवं होतं.

आता दुसरी बाजू. हात. गॉगलमध्ये छाती दाबताना तुम्ही हवा दाबत असता. बरगड्यांचा तो ताठपणा, दोन मिनिटांत खांदे भरून येणं, घामाने हात सटकणं, यातलं काही नाही. त्यामुळे गॉगल आले म्हणून डम्या कपाटात गेल्या तर वाटोळं होईल, डमी खाली आणि गॉगल डोळ्यावर असं दोन्ही मिळून हवं. व्हीआरने सर्जन सुधारतात म्हणून 2002 चा येल युनिव्हर्सिटीचा अभ्यास सगळे सांगतात, 16 शिकाऊ डॉक्टर, आणि ज्यांनी व्हीआरवर सराव केला त्यांनी पित्ताशय 29 टक्के लवकर सोडवलं. खरंय ते. पण तिथे डोळ्यावर गॉगल नव्हता, समोर स्क्रीन आणि हातात लॅप्रोस्कोपीसारखी (दुर्बिणीतून ऑपरेशन करतात तसली) हत्यारं होती, म्हणजे हातही शिकत होते. ते कोणी सांगत नाही.

वासही नसतो. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पडलं ते पेट्रोल पंपावर, खाली पेट्रोल म्हणून ठिणगी उडेल अशी कटर वापरता येईनात, 17 माणसं गेली. अशा ठिकाणी धावत आत शिरायच्या आधी नाक काम करतं, ते गॉगल शिकवणार नाही. शिवाय काहींना त्यात मळमळतं, डोळे सांगतात तू चालतोयस आणि कान आतून सांगतो तू उभा आहेस. अर्थात अँब्युलन्सच्या मागच्या सीटवर उलटं बसून सायन ते परळ पेशंटला अंबू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास देत गेलेल्याला मळमळीचं कौतुक कोणी सांगू नये.

माझं म्हणणं एवढंच की बाहेरचं तयार सॉफ्टवेअर आणून आपल्या पोरांना देवदाराच्या झाडांखाली उभं करू नका. महाराष्ट्रात 108 नंबरची अँब्युलन्स सेवा सुरू झाली 2014 मध्ये, 937 गाड्या घेऊन. लोकलच्या रुळांवर आणि गाड्यांतून पडून, कोविडची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. आपल्याकडे सीन कमी आहेत का? दादरचा पूल सकाळी साडेनवाला शूट करा, धारावीतली गल्ली घ्या जिथे स्ट्रेचर सोडा, छत्री उघडत नाही, प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीत अडकलेला माणूस घ्या, माणसं मराठी, हिंदी, भोजपुरी सगळ्यात एकदम ओरडू देत, आणि कांदा हुंगवा म्हणणारे काका त्यात पाहिजेतच. आणि हे ट्रेनिंग ड्यूटीच्या तासांत धरा. मी होते तिथे ट्रेनिंग म्हणजे सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने या, रात्रपाळी करून आलेला पायलट खुर्चीत घोरायचा आणि सही तेवढी करून जायचा, अशा माणसाला गॉगल लावलात तर तो अंधारात अजून छान झोपेल. झाल्यावर शेजारी बसून काय चुकलं ते बोलायला जुना माणूस हवा, नुसता स्कोअर नको. मला मामांनी त्या रात्री गाडी धुता धुता जे सांगितलं ते कुठल्या मशीनने सांगितलं नसतं.

कोणी खरंच असं काही बनवणार असेल आणि जिना हवा असेल तर आमच्या परळच्या चाळीचा आहे, लाकडी, वळणावर दोन माणसंही मावत नाहीत. दुपारी दोन ते चार या, तेव्हा वर्दळ कमी असते. फक्त पिंपं हलवू नका, पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीच येतं.

आपली,
एक माजी अँब्युलन्स डॉक्टर, परळ